विश्लेषण : प्लास्टिकमधून उष्णता वाहू शकते? ‘मिश्र फिलर’ काय साधतात?

मार्च-एप्रिल २०२२ मध्ये पुण्यासह देशात काही ठिकाणी ई-स्कूटरना आगी लागल्या आणि बॅटरीच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यानंतर ‘एआयएस-१५६’ या मानकातील कडक तरतुदी डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू करण्यात आल्या. सेलचा दर्जा आणि नियंत्रण यंत्रणा यांच्या जोडीने या सुरक्षेत आणखी एक प्रश्न येतो, तो म्हणजे आत तयार झालेली उष्णता बाहेर कशी काढायची? फोन, चार्जर आणि एलईडी दिव्यांपुढेही तोच प्रश्न आहे.

पॉलिमर उष्णता का अडवतात?

धातूंमध्ये मुक्त इलेक्ट्रॉन उष्णता वाहून नेतात. प्लास्टिक, रबर, इपॉक्सी अशा पॉलिमरमध्ये हे काम अणूंच्या कंपनांवर सोपवलेले असते. पॉलिमरच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असल्याने ही कंपने वाटेतच विखुरतात. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर केल्विन, तर इपॉक्सीची जेमतेम ०.२ असते. तरीही पॉलिमर टाळता येत नाहीत. ते हलके असतात, विजेला रोखतात आणि चिप व धातूच्या पट्टीमधील सूक्ष्म फटी भरून काढतात. या फटींत राहणारी हवा तर इपॉक्सीपेक्षाही वाईट वाहक आहे; तिची वाहकता ०.०२६ इतकीच.

फिलर मिसळले की काम झाले?

नाही. ॲल्युमिना, बोरॉन नायट्राइड, ग्राफाइट अशा उष्णतावाहक पदार्थांची पूड पॉलिमरमध्ये मिसळतात. तिला फिलर म्हणतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये विद्युतवहनासाठी मांडलेले सूत्र उष्णतेलाही लागू पडते. त्यानुसार एकमेकांपासून सुटे असलेले गोल कण ३० टक्के आकारमानाने मिसळले, तर ते कण हिऱ्याचे असले तरी मिश्रणाची वाहकता फार तर २.३ पट होते. म्हणजे ०.२ चे ०.४६. कारण कणाकणांमध्ये पॉलिमरचा थर उरतोच. शिवाय दोन पदार्थांच्या सीमेवरही उष्णता अडते. त्यामुळे कण किती चांगला वाहक आहे यापेक्षा कण एकमेकांना भिडून सलग वाट तयार होते का, हे महत्त्वाचे ठरते.

मिश्र फिलरने काय बदलते?

काँक्रीटमध्ये नुसती खडी भरली तर पोकळ्या राहतात; त्या वाळूने भरतात. येथेही तसेच आहे. मोठ्या कणांच्या मधल्या जागेत लहान कण बसले की तेवढ्याच जागेत जास्त फिलर मावते आणि संपर्कबिंदू वाढतात. प्रमाण योग्य असेल तर मिश्रण फार घट्टही होत नाही.

वेगवेगळ्या आकारांचे कण एकत्र आणण्याचा फायदा निराळा आहे. बोरॉन नायट्राइडच्या चकत्या आपल्या पातळीत उष्णता उत्तम नेतात. जाडीच्या दिशेने मात्र फारच कमी. साच्यात दाबाने भरताना त्या प्रवाहाच्या दिशेने आडव्या होतात आणि नेमक्या हव्या त्या दिशेची वाट बंद होते. त्यांच्यात ॲल्युमिनाचे गोल कण मिसळले, तर काही चकत्या तिरप्या होतात आणि जाडीच्या दिशेनेही वाट मिळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील रॉबर्ट हॅडन यांच्या गटाने २००८ मध्ये इपॉक्सीत ग्राफाइटच्या अतिसूक्ष्म चकत्या आणि कार्बन नॅनोट्यूब एकत्र वापरल्या. ३:१ च्या आसपासच्या प्रमाणात हे मिश्रण दोन्ही फिलरच्या स्वतंत्र वापरापेक्षा सरस ठरले. नळ्यांनी चकत्यांमध्ये जणू पूल बांधले.

मर्यादा कोणत्या?

प्रमाण चुकले की फायदा नाहीसा होतो. फिलर फार झाले तर मिश्रण घट्ट होते, हवेचे बुडबुडे अडकतात आणि तयार वस्तू ठिसूळ बनते. ॲल्युमिना सिलिकोनच्या साडेतीन पटींहून अधिक जड असल्याने वजनही वाढते. शिवाय कठीण असल्याने पंप आणि नळ्या झिजतात. ग्राफाइट व नॅनोट्यूब वीजही वाहतात, त्यामुळे शॉर्ट सर्किटचा धोका असलेल्या ठिकाणी ते चालत नाहीत.

बॅटरीत याचा उपयोग कसा?

सेल आणि ॲल्युमिनियमच्या आवरणामध्ये अशी पेस्ट किंवा पॅड असेल, तर रोजच्या वापरातील उष्णता लवकर बाहेर पडते. पण एखादा सेल बिघडून अनियंत्रित तापू लागला, तर हीच वाहकता शेजारच्या सेलला धोक्यात आणू शकते. म्हणून दोन सेलच्या मध्ये उष्णता अडवणारा थर आणि सेल व आवरणाच्या मध्ये ती वाहून नेणारा थर, अशी विभागणी करावी लागते. त्यामुळे पेस्टच्या वेष्टनावरील वाहकतेचा आकडा पाहून भागत नाही. उष्णता कोणत्या दिशेने जाते आणि फट पूर्ण भरली आहे का, हेही तपासावे लागते.