छोट्या बाटलीतील मद्यार्काचे गणित

वाइन म्हणजे सौम्य पेय आणि तिची छोटी बाटली म्हणजे जेमतेम एक पेला, असा समज शहरी वर्गात रूढ आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, जिथे पाळ्यांमध्ये काम चालते आणि हजारो कर्मचारी दुचाकीने ये-जा करतात, तिथे हा समज महागात पडू शकतो.

वाइनची नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची असते. तिच्या पाव भागाची छोटी बाटली १८७ मिलिलिटरची. लेबलवर मद्यार्काचे प्रमाण आकारमानाच्या टक्केवारीत दिलेले असते. शरीरात नेमका किती मद्यार्क जाणार, हे मात्र स्वतःच काढावे लागते.

त्यासाठी ब्रिटनमध्ये प्रचलित असलेले 'युनिट' हे माप सोयीचे आहे. एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर, अर्थात सुमारे ८ ग्रॅम शुद्ध मद्यार्क. बाटलीतील मिलिलिटरला टक्केवारीने गुणावे आणि १००० ने भागावे, की युनिट मिळतात. १३ टक्के मद्यार्काच्या १८७ मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे २.४ युनिट असतात. ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटलीत ४.९, तर पूर्ण बाटलीत जवळजवळ ९.८ युनिट भरतात.

तुलनेसाठी ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा मोठा पेग घेतल्यास उत्तर येते २.६ युनिट. म्हणजे 'सौम्य' छोटी बाटली आणि मोठा पेग यांत फारसा फरक उरत नाही. पाच टक्के मद्यार्काच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये तर १.६५ युनिटच असतात. चवीवरूनही अंदाज बांधू नये. गोड वाइन सौम्यच असते असे नाही.

हा हिशेब केवळ कुतूहलाचा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने एक छोटी बाटली उपाशीपोटी झटपट संपवली, तर ढोबळ गणिताने रक्तातील प्रमाण ४० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. वजन कमी असल्यास ते आणखी वाढते; स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने त्यांच्यातही ते अधिक भरते.

शरीर साधारणपणे तासाला एक युनिट या वेगाने मद्यार्काचा निचरा करते. कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा लिंबूपाणी यांनी हा वेग वाढत नाही. मध्यरात्री पूर्ण बाटली रिती करणाऱ्याच्या शरीरात सकाळच्या पहिल्या पाळीच्या वेळीही मद्यार्क शिल्लक असू शकतो. अशा अवस्थेत नाशिक रस्त्यावर दुचाकी चालवणे किंवा कारखान्यात यंत्रासमोर उभे राहणे, दोन्ही धोक्याचेच.

ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्त्री व पुरुष दोघांसाठी आठवड्याला १४ युनिटची मर्यादा सांगितली आहे. सहा छोट्या बाटल्यांतच ती ओलांडली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी २०२३ मध्ये मद्यपानाचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नसल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे युनिटचे गणित 'किती प्यायल्यावर गाडी चालवता येईल' हे ठरवण्यासाठी वापरू नये. प्यायल्यास वाहनाची किल्ली हाती न घेणे, हाच त्याचा अर्थ.