'ब्लू'ची कैफियत

२२ जून १९७१ रोजी रिप्राइज कंपनीने प्रसिद्ध केलेल्या, अवघ्या १० गाण्यांच्या आणि जेमतेम ३६ मिनिटांच्या 'ब्लू' या ध्वनिमुद्रिकेविषयी गेल्या अर्धशतकात इतके लिहिले गेले आहे, की तिच्या कर्त्रीने, म्हणजे जोनी मिचेल या कॅनेडियन कवयित्री-गायिकेने, आपल्या प्रेमाची आणि वियोगाची कैफियत जगापुढे निःसंकोच मांडली, हे विधान आता सर्वमान्य सिद्धान्तासारखे झाले आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आपले दुःख सांगणाऱ्यांची वाण कोणत्याच काळात नव्हती. त्या दुःखासाठी वाद्याच्या तारांपासून नवी भाषा घडविणारे मात्र विरळा, आणि मिचेलबाईंचा खरा अधिकार या दुसऱ्या वर्गातला आहे.

मिचेलबाईंचा जन्म १९४३ सालचा, अल्बर्टा प्रांतातला. बालपण सस्कॅचेवानच्या विस्तीर्ण माळरानांवर गेले. वयाच्या नवव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला, आणि पुढे गिटार हाती आली तेव्हा डाव्या हाताच्या अशक्त बोटांना रूढ स्वरमेळांची पकड साधेना. तेव्हा बोटांना राबविण्याऐवजी त्यांनी तारांची जुळणीच बदलली: खुल्या तारा छेडताच एक संपूर्ण स्वरमेळ उमटावा आणि एखाद्या बोटाच्या सरकण्याने त्याची छटा पालटावी, अशी ती तजवीज होती. तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात मिळविली की मैफलीचे वातावरण कसे पालटते, हे आपल्याकडील श्रोत्याला सांगावयास नको. मिचेलबाईंनी गिटारच्या सहाही तारांची जुळणी गाण्यागणिक बदलण्याचा परिपाठ घातला आणि अशा पन्नासाहून अधिक जुळण्या उपयोगात आणल्या. त्यांतून निघणारे स्वरमेळ बहुधा विसाव्याच्या स्वरावर येऊन थांबत नाहीत, एखाद्या अनुत्तरित प्रश्नासारखे अधांतरी राहतात. त्यामुळे शब्दांत ज्याचा उच्चारही नाही असा संदेह ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उतरतो.

१९७० साली, कीर्ती वाढत असतानाच, त्यांनी जाहीर कार्यक्रमांतून रजा घेतली आणि युरोपचा प्रवास पत्करला. क्रीट बेटावरील माताला या गावी, समुद्रकाठच्या गुहांत राहणाऱ्या तरुण भटक्यांच्या सहवासात त्यांचा मुक्काम पडला. बरोबर गिटारऐवजी डल्सिमर होते. मांडीवर आडवे ठेवून वाजवावयाचे हे अमेरिकेच्या डोंगराळ भागातील लोकवाद्य. तारा मोजक्या आणि आवाज कोरडा, किंचित धातूचा. 'ब्लू'मधील चार गाणी या वाद्यावर उभी आहेत, चार पियानोवर, आणि उरलेली दोन गिटारवर. जेम्स टेलर यांची गिटार, रस कंकेल यांचा ताल अशी साथ आहे खरी, परंतु ती इतकी बेताची, की गायिकेच्या श्वासालाही आडोसा मिळत नाही. 'रिव्हर'च्या आरंभी पियानोवर 'जिंगल बेल्स' हे सर्वांच्या ओळखीचे नाताळगीत येते, आणि दोन-चार सुरांतच त्याचा उल्हास मावळून घरापासून दूर पडलेल्या माणसाचा एकाकीपणा प्रकट होतो. दुःखाचा एक शब्दही उच्चारण्यापूर्वी हे घडते, म्हणून ते मला या ध्वनिमुद्रिकेतील परमोच्च कौशल्य वाटते.

'लिटल ग्रीन' या गाण्याची हकीकत याहून गंभीर आहे. १९६५ साली, अविवाहित आणि निष्कांचन अवस्थेत, मिचेलबाईंना कन्या झाली आणि ती त्यांना दत्तक द्यावी लागली. दत्तकपत्रावर सही करणाऱ्या त्या तरुण मातेचे हे गाणे. परंतु त्यातील खुलासा इतका संयमित आहे, की 'रोलिंग स्टोन'च्या तत्कालीन समीक्षकाने त्याला दुर्बोध ठरविले, आणि त्याचा अर्थ लोकांना दोन दशकांनंतर, नव्वदीच्या दशकात, ती वार्ता प्रकट झाल्यावरच उमगला. माता आणि कन्या यांची भेट १९९७ साली झाली. ज्या ध्वनिमुद्रिकेला सारे जग कबुलीजबाब म्हणते, तिच्यातील सर्वांत मोठे सत्य असे झाकूनच सांगितलेले होते.

हॉलिवूडच्या ज्या ए अँड एम स्टुडिओत हे काम झाले, त्याच आवारात त्याच सुमारास कॅरोल किंग यांची 'टॅपेस्ट्री' आकारास येत होती. 'टॅपेस्ट्री'चा खप अफाट झाला; पण पुढच्या पिढ्यांतील गीतकारांनी हाताखाली गिरवावयास घेतला तो 'ब्लू'चा कित्ता. प्रिन्स यांनी तिच्यातील 'अ केस ऑफ यू' गायिले, टेलर स्विफ्ट यांनी तिचे ऋण मानले, आणि ब्रँडी कार्लाइल यांनी २०१९ साली लॉस एंजेलिसच्या डिस्नी सभागृहात ती संपूर्ण गाऊन दाखविली. २०१५ साली मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने मिचेलबाईंची वाचा आणि चालणे दोन्ही हिरावले. गिटार तर पुन्हा शिकावी लागली, आणि ती स्वतःच्याच जुन्या चित्रफिती पाहून, कारण त्यांच्या जुळण्यांत बोटे कोठे पडतात हे पाहावयाचे तर त्यांच्याच हातांकडे पाहणे प्राप्त होते. २०२२च्या जुलैत, वयाच्या ७८व्या वर्षी, न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात त्या अनपेक्षितपणे मंचावर आल्या आणि उभ्याने गिटार वाजवून गेल्या.

आजकाल गाणी सुटी वेचून ऐकण्याची वहिवाट पडली आहे. 'ब्लू'पुरता तिला अपवाद करावा. मुद्रिकेची सिद्धता होत आली असताना मिचेलबाईंनी दोन गाणी काढून टाकली आणि त्यांच्या जागी 'ऑल आय वाँट' व 'द लास्ट टाइम आय सॉ रिचर्ड' ही घातली; त्यांतले पहिले आरंभी आणि दुसरे अखेरीस आहे, म्हणजे हा क्रम पूर्ण विचारान्ती ठरलेला आहे. त्याच क्रमाने, एका बैठकीत ती ऐकावी, आणि पहिल्या खेपेस शब्द सारे उमगले नाहीत तरी कान तारांकडे ठेवावा.