पाणवठ्यावरील मुका टेहळ्या

चितळांचा कळप कोणत्या वाटेनें व कोणत्या घटकेस पाण्यावर उतरतो, हें जाणण्यासाठीं पूर्वीं शिकारी मचाणावर रात्री जागवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर निर्बंध आले. टेहळणी मात्र राहिली. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांत आतां तें काम झाडास गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेला कॅमेरा करतो. ऊबदार देहाचा प्राणी समोरून हलला कीं यंत्रास त्याची चाहूल लागते व छायाचित्र निघतें. त्यावर दिनांक व वेळहि उमटते.

वाटेच्या दोन्ही बाजूंस एकेक यंत्र लावतात, कारण वाघाच्या दोन कुशींवरील पट्टे सारखे नसतात. पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतां येतो. चितळांच्या ठिपक्यांतहि भेद असतो. पण अख्ख्या कळपाचे ठिपके जुळवीत कोण बसणार? म्हणून हरणांच्या गणतीसाठीं माणसासच सकाळीं आंखलेल्या रेषेनें पायीं चालावें लागतें. किती दिसलीं, किती अंतरावर, हें तो टिपून घेतो.

हा खटाटोप व्यर्थ नव्हे. रानांत वाघ किती पोसतील, हें चितळ, सांबर, नीलगाय यांवर ठरतें. पांढरकवडा-राळेगांव भागांत टी-१ वाघीण अभयारण्याबाहेर, कपाशीच्या शेतांलगत वावरे. तेरा माणसांचे बळी तिच्या नांवावर लागले. बाया कापूस वेंचावयास जाण्यास धजत नसत. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं ती मारली गेली. तिच्या शोधार्थहि असेच कॅमेरे लावले होते. पण चित्र पाहीपर्यंत वाघीण पुढच्या नाल्यांत उतरलेली असे.