गवताच्या यंत्राला हिमाचा पत्रा

हल्लीं आपल्या समाजांत असें कुटुंब विरळाच, कीं ज्याचा एखादा मुलगा, पुतण्या किंवा जांवई अटलांटिकपलीकडे स्थायिक झालेला नाहीं. तिकडच्या पगाराविषयीं, शाळांविषयीं, मिळणाऱ्या व न मिळणाऱ्या भाजीपाल्याविषयीं आपल्या घरांत पुष्कळ चर्चा चालते. परंतु वर्षांतले चार-पांच महिने त्या मुलांच्या दारापुढें जें पांढरें संकट येऊन पडतें, त्याची नीटशी कल्पना इकडच्या मंडळींना सहसा नसते. चित्रांतलें हिम फार मनोहर दिसतें. तें उचलावयाचें कोणीं, हें चित्रांत दाखविलेलें नसतें.

तिकडे घरगडी नाहीं आणि शेजारच्या वाडींतून चार मजूर बोलावून आणण्याचीहि सोय नाहीं. अनेक शहरांत असा नियम आहे कीं, घरासमोरची पायवाट घरमालकानें ठराविक तासांच्या आंत मोकळी केली पाहिजे. शिवाय मोटार रस्त्यावर काढावयाची तर तबेल्यापासून रस्त्यापर्यंतची स्वतःची वाट साफ करावी लागते ती निराळीच. ही वाट दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद धरली आणि रात्रींतून पंधरा सेंटिमीटर हिम पडलें, तर साडेसात घनमीटर हिम झालें. ताजें भुसभुशीत हिम घनमीटरास शंभर किलोंच्या आंतबाहेर भरतें. तेव्हां साडेसातशे किलो. तेंच हिम ओलें असलें किंवा दोन दिवस बसून दडपलें गेलें, तर त्याचें वजन तिप्पटहि होतें. मग सव्वादोन हजार किलोंवर गोष्ट जाते, आणि हें सारें सकाळीं कचेरींत जाण्यापूर्वीं फावड्यानें उचलून बाजूस टाकावयाचें! त्यांत भर म्हणजे नगरपालिकेचें मोठें यंत्र रस्ता साफ करीत जातें, तें आपल्या वाटेच्या तोंडाशींच एक घट्ट बांध घालून जातें.

हें काम केवळ कष्टाचें असतें तर त्यावर लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. 1995 सालीं बॅरी फ्रँकलिन व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत व्यायामाची संवय नसलेल्या दहा निरोगी पुरुषांना फावड्यानें व यंत्रानें हिम काढावयास लावून त्यांच्या नाडीचे ठोके मोजले. फावड्यानें काम करतांना ठोके मिनिटास सरासरी 175 पर्यंत चढले. यंत्र चालवितांना ते 124 च्या आसपास राहिले. कारण उघड आहे. फावडें उचलतांना हातांवर ताण येतो, पाय जागच्या जागीं असतात, माणूस नकळत श्वास रोखतो, आणि थंड हवेनें रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ज्यांच्या घराण्यांत हृदयविकार आहे त्यांना हें चारी बाजूंनीं घेरणें आहे. आणि आपल्या भारतीय लोकांत तो विकार इतरांपेक्षां लौकर डोकें वर काढतो, हें आतां सर्वमान्य झालें आहे.

प्रस्तुत लेखकाचा एक पुतण्या कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत राहतो. विठ्ठलवाडीचें आमचें घर अद्याप एकत्र आहे. कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या गाडीचें पहिलेंच स्टेशन तें आमचें. आणि लेथ, ड्रिल, वेल्डिंग यांचीं दुकानें हाकेच्या अंतरावर असल्यामुळें घरांतलीं मुलें लहानपणापासूनच मोडकें तें जोडून घेण्याच्या विचाराचीं. त्याचे वडील, म्हणजे आमचे दादा, बावन्नाव्या वर्षीं हृदयविकारानें गेले. यंदां पुतण्याला पन्नासावें लागलें. दूरध्वनीवर त्यानें विचारलें, “काका, गवत कापायचं यंत्र पांच महिने तबेल्यांत नुसतं पडून असतं. त्याच्या पुढें एक पत्रा बसवला तर बर्फ ढकलतां येणार नाहीं का?” वहिनी शेजारींच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “त्याला म्हणावं, काय लावायचं तें लाव, पण फावड्याला हात लावूं नकोस.” प्रश्न सरळ होता, पण उत्तर तितकें सरळ नव्हतें.

एका कामाचें यंत्र दुसऱ्या कामास जुंपण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. गवत कापण्याचें यंत्र हेंच मुळीं उसन्या कल्पनेचें अपत्य आहे. इंग्लंडांत स्ट्राउड येथील एडविन बडिंग यानें 1830 सालीं तें प्रथम बनविलें, तें लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणींतल्या यंत्रावरून. तेव्हां गिरणींतून हिरवळीवर आलेलें यंत्र हिमांत कां जाऊं नये, असा प्रश्न पडणें स्वाभाविक आहे. अडचण निराळ्याच ठिकाणीं आहे.

बहुतेकांचा समज असा कीं, इंजिन जोराचें असलें म्हणजे यंत्र हिम ढकलील. ढकलण्याचें काम इंजिन करीत नाहीं. तें चाक व जमीन यांच्यामधली पकड करतें. नांगराच्या बैलाचें बळ कितीहि असो, शेवाळलेल्या फरशीवर त्याला उभें केलें तर त्याचा कांहीं उपयोग नाहीं. जोर खुरांतून जमिनींत उतरला पाहिजे. मागून चालत नेण्याचें साधें गवताचें यंत्र पस्तीस किलोंच्या आंतबाहेर असतें. त्याचीं दोनच चाकें इंजिनानें फिरतात, म्हणजे त्यांवर निम्में वजन, सतरा-अठरा किलो. दडपलेल्या हिमावर रबराची पकड वजनाच्या सुमारें एकपंचमांश धरली, तर ढकलण्यास उरतो साडेतीन किलोंचा जोर! घरांतलें लहान मूल याहून अधिक जोरानें ढकलील. इंजिन पांच अश्वशक्तीचें असो कीं दहा, चाकें जागच्या जागीं गरगरतील एवढेंच.

तरी कोणी म्हणेल, मागून माणूस ढकलील. ढकलील खरा, पण मग ज्या छातीसाठीं हा खटाटोप, तिच्यावरच भार आला. शिवाय ज्या यंत्रांचीं पुढचीं चाकें इंजिनानें फिरतात, त्यांत दुसरीच गंमत होते. पत्रा अडला कीं माणूस स्वाभाविकपणें मुठीवर भार देतो. पुढचीं चाकें उचललीं जातात, आणि होती नव्हती ती पकडहि जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट खालच्या पात्याची. हिम ढकलतांना गवत कापणारें पातें खालीं फिरत ठेवणें म्हणजे संकटास आमंत्रण. हिमाखालीं दडलेला दगड किंवा लोखंडाचा तुकडा गोळीसारखा बाहेर उडेल. तेव्हां पातें काढून टाकावें, असें कोणासहि सुचेल. परंतु या उभ्या दांड्याच्या लहान इंजिनांपैकीं पुष्कळांत वरचें चक्र, ज्याला कारखान्यांत फ्लायव्हील म्हणतात, मुद्दाम हलकें केलेलें असतें. त्याची उणीव खालचें जड पातें भरून काढतें. पातें काढलें कीं इंजिन धड सुरू होत नाहीं, सुरू झालें तर अडखळत चालतें, आणि दोरी ओढतांना असा उलटा हिसका देतें कीं मनगट दुखावेल. पुतण्याला ही गोष्ट सांगितली तेव्हां तो बराच वेळ गप्प होता. पात्याच्या जागीं तेवढ्याच वजनाची, धार नसलेली, नीट तोललेली गोल तबकडी बसवितां येईल, पण तोल किंचित् चुकला तरी दांडा वांकतो. घरच्या कानशीवर करण्याचें हें काम नव्हे.

मुठीवर एक दांडी असते, ती सोडली कीं यंत्र थांबतें. अमेरिकेंत 1982 पासून नियम आहे कीं, अशी दांडी सोडतांच पातें तीन सेकंदांत थांबलें पाहिजे. हिमांत हातमोजे घालून ती धरून ठेवणें कंटाळवाणें होतें म्हणून कांहीं लोक ती सुतळीनें बांधून टाकतात. असल्या युक्तीला चातुर्य म्हणवत नाहीं.

मग काय करावें? हिम हलकें, कोरडें व चार बोटांइतकेंच असेल, तर प्लॅस्टिकचें मोठें पिंप उभें चिरून त्याचा अर्धा भाग ढकलपाटीसारखा वापरतां येतो. तो वजनाला हलका, वांकाचा व गुळगुळीत असल्यामुळें हिम त्यावर गुंडाळत पुढें जातें. पण तो यंत्राच्या पत्र्याच्या कडेला बोल्टानें आवळूं नये. तें आवरण दाबलेल्या पातळ पोलादाचें किंवा ओतीव ॲल्युमिनियमचें असतें; फरशीच्या उंचवट्याला पाटी एकदां आपटली कीं भोकें फाटतात. भार आंसांजवळच्या पट्टीवर घ्यावा. आणि खरें सांगावयाचें तर, एवढ्या हिमाला यंत्रच नको. तीच पाटी दोन दांड्यांना लावून, न उचलतां, नुसती सावकाश सरकवावी.

खरा उपाय मात्र निराळ्या जातीच्या यंत्रांत आहे, आणि तें कोंकणच्या माणसाला परकें नाहीं. भातखाचरांत चिखलणी करणारा पॉवर टिलर आपण पाहिला असेल: दोन चाकें, लांब मुठी, आणि मागून चालणारा शेतकरी. बंगळूरच्या व्ही.एस.टी. कंपनीनें 1967 सालीं जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्यानें या धंद्यास आरंभ केला, आणि दक्षिणेकडे व कोंकणांत, जेथें खाचरें लहान व बांध अरुंद, तेथें हें यंत्र रुळलें. चिखलांत रबरी चाकें फिरतात पण पुढें जात नाहींत, म्हणून शेतकरी तीं काढून लोखंडी पिंजऱ्यासारखीं चाकें लावतो. हिमांतल्या माणसाचा प्रश्न हाच आहे, आणि उत्तरहि हेंच: तो चाकांना साखळ्या गुंडाळतो.

अमेरिकेंत अशा दुचाकी यंत्राचा मान ग्रेव्हली या नांवाला आहे. वेस्ट व्हर्जिनियांतील बेंजामिन ग्रेव्हली हा धंद्यानें छायाचित्रकार. बागेंतली नांगरट सोपी व्हावी म्हणून त्यानें खटपट करून मोटारनांगर बनविला व 1916 सालीं त्याचें पेटंट घेतलें. पुढें त्याच इंजिनाला गवताचें पातें, नांगर, हिमाचा पत्रा अशीं अनेक अवजारें लावतां येऊं लागलीं. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून लोखंडी नांगरापर्यंत मजल मारली, त्याची आठवण येथें होते. दोघेहि मूळच्या आपल्या धंद्याबाहेर जाऊन नांगराकडे वळले. ग्रेव्हलीसारख्या यंत्राचें जवळजवळ सगळें वजन दोन चाकांवर असतें. तें दीडशे किलो धरलें आणि साखळ्यांमुळें पकड एकतृतीयांशावर गेली, तर पन्नास किलोंचा जोर मिळतो. साडेतीन कोठें आणि पन्नास कोठें!

पुतण्यानें अखेर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून असलें जुनें यंत्र विकत घेतलें व पत्रा गांवांतल्या वेल्डरकडून करून घेतला. त्याचा आराखडा विठ्ठलवाडींतल्या आमच्या स्वयंपाकघरांतल्या टेबलावर निघाला, सूनबाईंनीं त्याचें छायाचित्र पाठविलें, आणि घरांतल्या प्रत्येकानें त्यांत एकेक सूचना घातली. त्यांतल्या ज्या टिकल्या त्या अशा. पत्रा सरळ आडवा न बसवितां सुमारें तीस अंशांनीं तिरपा असावा, म्हणजे हिम पुढें न सांचतां एका बाजूस वळतें. तिरपेपणा दोन्हीकडे बदलतां यावा म्हणून मधोमध एक जाड खीळ व बाजूंस भोकांची पट्टी. पत्रा वर घट्ट जखडलेला नसावा. खालीं अडथळा लागला तर तो स्प्रिंगच्या जोरावर मागें झुकून पुन्हां उभा राहिला पाहिजे, नाहींतर यंत्र जागीं थबकतें आणि मूठ थेट पोटांत बसते. तळाला जुन्या पट्ट्याचें जाड रबर, आणि दोन टोकांना दोन लोखंडी पादुका, ज्यांच्यामुळें पत्रा जमिनीपासून किंचित् वर राहतो व वाटेवरची खडी ओढली जात नाहीं. ओलें हिम पत्र्याला चिकटूं नये म्हणून त्यावर तेलाचा हात. त्याला खाण्याचें तेलहि चालतें, हें वहिनींना मुळींच पटलें नाहीं.

चालविण्याच्याहि कांहीं गोष्टी आहेत. हिम थांबण्याची वाट पाहूं नये. दर चार-सहा बोटांनीं एक फेरी मारावी, कारण पत्रा उचलीत नाहीं, ढकलतो, आणि ढकलण्यास थराची जाडी हाच शत्रु. पहिल्याच हिमांत वाट हवी त्याहून रुंद करावी, नाहींतर जानेवारींत दोन्ही बाजूंचे ढीग इतके पुढें येतात कीं नवें हिम टाकावयास जागाच उरत नाहीं. तें रस्त्यावर लोटूं नये. पुष्कळ ठिकाणीं तो गुन्हा आहे. उन्हाळ्यांतलें जाड तेल शून्याखालीं पंधरा अंशांवर काकवीसारखें होतें, म्हणून थंडीसाठीं पातळ तेल घालावें. आणि सर्वांत मोठी ताकीद: बाहेर कितीहि थंडी असो, दार बंद करून तबेल्यांत इंजिन तापवीत ठेवूं नये. त्याच्या धुरांतल्या विषारी वायूला ना रंग ना वास. तो घरांत शिरून झोंपलेल्या माणसांचा प्राण घेतो.

एप्रिलांत हिम वितळलें म्हणजे पत्रा उतरवून, रबर धुऊन, खिळीला वंगण लावून तो भिंतीशीं उभा करावा. टाकींतलें जुनें पेट्रोल काढून टाकावें, नाहींतर तें डिंकासारखें होऊन कार्ब्युरेटर बुजवितें. साखळ्या काढून वाळवाव्यात व तेलांत बुडवून डब्यांत ठेवाव्यात. त्यांचा एखादा दुवा झिजलेला असेल तर तो तेव्हांच बदलावा, कारण नोव्हेंबरांत पहिलें हिम पडलें कीं गांवांतल्या सगळ्या दुकानांतून त्या एकाच दिवशीं संपतात.