भाजलेल्याला पाणी वर्ज्य नाही

भंडाऱ्यातली कढई कलंडते, आंघोळीचं कढत पाणी लेकराच्या अंगावर सांडतं, चुलीपाशी पदर पेटतो. वाशीम असो, रिसोड असो की मानोरा, जमलेल्यांतून पहिलं वाक्य हेच येतं: “पाणी नोका लावू बाई, चिघळते!” मग कुणी टूथपेस्ट आणतं, कुणी शाई, कुणी हळद-तेल. कातडी वाचवायची मिनिटं त्यातच निघून जातात. किती वेळा सांगितलं तरी हा समज जात नाही, म्हणून पुन्हा सांगते.

गैरसमज: पाणी लागलं की फोड येतात, जखम चिघळते.

वस्तुस्थिती: फोड उष्णतेने येतो, पाण्याने नाही. विस्तव दूर झाला तरी कातडीत शिरलेली उष्णता खालचे थर भाजत राहते. ती काढून घेतं ते साधं, वाहतं पाणी. ते २० मिनिटं सोडायचं. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. शंका असेल तर ऐका: ऑस्ट्रेलियात सुमारे अडीच हजार भाजलेल्या मुलांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना असं पाणी मिळालं, त्यांच्यात त्वचारोपणाची गरज स्पष्टपणे कमी पडली. नळ नसेल तर तांब्याने ओतत राहा. अंगठ्या, बांगड्या सूज येण्याआधी काढा. लहान मूल असेल किंवा अंग बरंच भाजलं असेल तर जखम गार करा, पण बाकीचं अंग पांघरुणात उबदार ठेवा.

हाच समज वॉर्डातही येतो. सिस्टर ड्रेसिंग सोडून जखम धुऊ लागली की नातेवाईक हात धरतात. अहो, आगीतून वाचलेला माणूस पुढे दगावतो तो बहुतेकदा जंतुसंसर्गाने! मेलेली कातडी, जुनं मलम, पू यांवरच जंतू वाढतात. म्हणून वेदनाशामक देऊन, हात स्वच्छ करून ती जखम धुते.

आणि पाणी शरीराच्या आतही लागतं. मोठ्या भाजण्यात रक्तवाहिन्यांतला द्रव बाहेर पाझरतो, रक्तदाब पडतो, मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात. डॉक्टरांच्या पार्कलँड सूत्राने ५० किलो वजनाच्या, ३० टक्के भाजलेल्या माणसाला पहिल्या २४ तासांत ६ लिटर सलाईन लागते, त्यातली निम्मी पहिल्या ८ तासांत. हे ८ तास दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे, भाजल्यापासून मोजतात. मोठ्या दवाखान्यासाठी अकोला गाठायचं तर वाशीमहून ते सुमारे ८० किलोमीटर. म्हणून जवळच्या सरकारी दवाखान्यात सलाईन लावून घ्या, मगच पुढे निघा. सिस्टर दर तासाला लघवी मोजते ती सलाईन पुरते की नाही हे पाहायला. ५० किलोच्या माणसाला तासाला किमान २५ मिली व्हायला हवी. तोंडाने पाणी किती द्यायचं ते मात्र डॉक्टरांना विचारा, कारण अशा रुग्णाला उलटी होऊ शकते.

आणखी काही समज, थोडक्यात

*बर्फ लावा.* नको. रक्तपुरवठा आवळला जातो, जखम आणखी खोल जाते.

*दुखत नाही, म्हणजे थोडंच भाजलं.* उलट! खोल जखमेत मज्जातंतूच जळतात, म्हणून दुखत नाही.

*फोड फोडून टाका.* घरी नको. ती कातडी जंतूंना अडवते.

*अंडी, डाळ दिली तर पू होतो.* पू जंतूंनी होतो. नवी कातडी प्रथिनांवरच बनते. अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे भरपूर द्या.

*हातपाय दुमडून पडू द्या, आराम वाटतो.* त्याच आरामात सांधे आखडतात. मान भाजली असेल तर उशी काढा, कोपर सरळ ठेवा, सांगितलेला व्यायाम रोज करून घ्या.

*टाके निघाले, घरी आलो, संपलं.* नव्या कातडीला खाज सुटते, ऊन सोसत नाही. सांगितला असेल तर दाबपट्टा महिनोन्महिने वापरावा लागतो.

पुढच्या वेळी कुणी “पाणी नोका लावू” म्हणालं, तर वाद घालत बसू नका. हातातला तांब्या ओतत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.