गांधीनगर जंक्शनचा निळा ठिपका आणि मुंबईवरचं अवघड आकाश

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता लाल बहादूर शास्त्री मार्गाला छेदतो, ते कांजूरमार्गचं गांधीनगर जंक्शन. वर पूल, मध्ये मेट्रोचे खांब, पलीकडे काचेच्या भिंतींचे टॉवर. पवईहून पार्सल घेऊन आलेला डिलिव्हरीवाला सिग्नलला पुलाखाली उभा असतो आणि मोबाइलच्या नकाशातला निळा ठिपका त्याला खुशाल पुलावर नेऊन ठेवतो. जुलैमध्ये असं झालं की शेजारचा रिक्षावाला सांगतो, ‘ढग आहेत ना, जीपीएस पकडत नाही.’ मार्चच्या कोरड्या संध्याकाळी झालं तर बोल उपग्रहाला लागतो.

ढगांवरचा आरोप आधी निकालात काढायला हवा. जीपीएसचा मुख्य संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर येतो आणि त्याच्या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते. काही मिलिमीटरच्या पावसाच्या थेंबाची ती जवळजवळ दखलही घेत नाही. ढगांसकट खालची सगळी हवा, म्हणजे तपांबर, संदेशाला थोडा उशीर जरूर करते. उपग्रह थेट डोक्यावर असेल तर कोरड्या हवेमुळे अंतर सुमारे २.३ मीटरने जास्त भासतं आणि दमट दिवसांत बाष्प त्यात आणखी काही दशांश मीटरची भर घालतं. पण हा उशीर बऱ्यापैकी नेमस्त असतो, गणिताने सहज वजा करता येतो. मुंबईत धो धो पाऊस पडत असताना उपग्रहांकडून मिळणारं स्थान मार्चमधल्या एखाद्या निरभ्र रात्री आठ वाजता मिळणाऱ्या स्थानापेक्षा चांगलं असू शकतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे. त्याचं कारण ढगांच्या कितीतरी वर आहे.

ते समजायला आणखी एक समज बाजूला सारावा लागतो: उपग्रह आपल्याला ‘पाहतो’ आणि आपण कुठे आहोत ते सांगतो. जीपीएसचे उपग्रह जवळपास २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त स्वतःची जागा आणि घड्याळाची वेळ प्रसारित करत असतात. कांजूरमार्गच्या रस्त्यावर कोण उभं आहे, त्याचा त्यांना पत्ताही नसतो. किमान चार उपग्रहांचे संदेश किती उशिरा पोचले हे मोबाइल मोजतो, त्यावरून अंतरं काढतो आणि अंतरांवरून जागा. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक म्हणजे ३० सेंटिमीटरची चूक. त्यामुळे वाटेत संदेश कशामुळे रेंगाळला, हाच सगळा प्रश्न आहे.

तो सर्वांत जास्त रेंगाळतो आयनांबरात. जमिनीपासून साधारण ६० ते १,००० किलोमीटर उंचीपर्यंतच्या विरळ हवेतल्या अणुरेणूंमधून सूर्याची अतिनील आणि क्ष किरणं इलेक्ट्रॉन सुटे करतात. त्यांची दाटी ३०० ते ४०० किलोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. संदेशाच्या वाटेवर एक चौरस मीटर छेदाचा स्तंभ कल्पून त्यातले इलेक्ट्रॉन मोजतात. एकावर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन म्हणजे एक एकक, आणि एका एककामागे जीपीएसच्या मुख्य फ्रिक्वेन्सीवर अंतर १६ सेंटिमीटरने जास्त भासतं. सूर्य जोरात असलेल्या वर्षी आपल्या अक्षांशांवर दुपारी ही संख्या शंभराच्या घरात जाऊ शकते. म्हणजे डोक्यावरच्या उपग्रहासाठी १६ मीटर. क्षितिजाजवळच्या उपग्रहाचा संदेश याच थरातून तिरका येतो, तेव्हा जवळपास तिप्पट.

मग गांधीनगरचा ठिपका याच थरामुळे पुलावर चढतो का? बहुतेक वेळा नाही. तिथला खरा अपराधी काच आणि काँक्रीट. टॉवरवर आपटून आलेला संदेश सरळ आलेल्या संदेशापेक्षा लांबची वाट चालून येतो, आणि पूल अर्धं आकाशच झाकून टाकतो. शिवाय पूल आणि त्याखालचा रस्ता नकाशावर एकावर एक असतात. त्यांच्यात फरक करायचा तर उंची नीट कळायला हवी. आयनांबराची चूक नेमकी उंचीलाच जास्त झोंबते. सगळ्या दिशांनी सारखाच उशीर झाला, तर मोबाइल तो स्वतःच्या घड्याळाची चूक समजून बराचसा पचवतो. उशीर दिशेगणिक वेगळा असला की आडवं स्थान काही मीटर ढळतं, उंची त्याहून अधिक. पार्सलवाल्याला याने फारसं बिघडत नाही. धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानाला बिघडतं.

आता सर्वांत पक्का गैरसमज. आयनांबर ढवळून काढणारी सौर वादळं, आकाशातले रंगीत प्रकाश हे ध्रुवांकडचे प्रकार, मुंबईचा त्यांच्याशी काय संबंध? संबंध जुना आहे आणि मुंबईतच नोंदलेला आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर भडका पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकांनी क्षैतिज क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण दाखवली. ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या गुरबक्ष सिंग लखिना यांच्यासह काही संशोधकांनी २००३ मध्ये कुलाब्याच्या याच जुन्या नोंदींवरून त्या वादळाचं मोजमाप मांडलं. कुलाब्यातली चुंबकीय निरीक्षणं १८४१ पासूनची. शहरात विजेची ट्राम येणार आणि तिच्या प्रवाहाने चुंबकं बिथरणार, हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला दुसरी वेधशाळा उभी केली; ट्राम १९०७ मध्ये विजेवर धावू लागली. मधली दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मापं घेतली गेली, म्हणून मालिका तुटली नाही. ती आजही अलिबागला चालू आहे, आणि ती सांभाळणारी भूचुंबकत्व संस्था नवी पनवेलला आहे. एखाद्या शहराने इतक्या निगुतीने जपलेली नोंद जगात विरळ. मुंबईकरांना तिचा अभिमान असायला हवा.

पण वादळ नसलेल्या दिवशीसुद्धा मुंबईवरचं आकाश अवघड असतं. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून, तिरुनेलवेलीच्या आसपासून जातं. दिवसा तिथल्या विद्युत क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर उचलले जातात आणि चुंबकीय बलरेषांवरून उत्तर-दक्षिणेला घसरत खाली येतात. परिणामी त्यांचा मोठा ढीग विषुववृत्तावर न साचता दोन्ही बाजूंना काही अंशांवर साचतो. भारतात तो साधारण अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात. मुंबई या ढिगाच्या चढणीवर आहे. कांजूरमार्गहून दक्षिणेकडच्या आणि उत्तरेकडच्या उपग्रहाकडे एकाच क्षणी पाहिलं, तरी वाटेतले इलेक्ट्रॉन बरेच वेगळे भरतात. युरोप-अमेरिकेवरचं आयनांबर त्यामानाने सपाट पठार.

एका फ्रिक्वेन्सीवर चालणारा साधा रिसीव्हर मात्र सगळ्या पृथ्वीसाठी एकच सूत्र वापरतो. अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेतल्या जॉन क्लोबुशर यांनी बसवलेल्या या सूत्राचे आठ गुणांक जीपीएसचे उपग्रह स्वतःच पाठवतात. सूत्र मुद्दाम सुटसुटीत ठेवलेलं आहे: रात्री उशीर ५ नॅनोसेकंद, म्हणजे दीड मीटर, आणि दिवसा दुपारी दोनला शिखर असलेली गुळगुळीत टेकडी. याने चूक निम्म्याच्या आसपास कमी होते, आणि आठ आकड्यांकडून यापेक्षा जास्त मागणं अन्यायाचं ठरेल. उरलेली निम्मी चूक घालवायची, तर इथलं आकाश इथेच मोजायला हवं.

‘गगन’ हे ते मोजमाप. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांची ही यंत्रणा अनेकांना ‘भारताचं जीपीएस’ वाटते, आणि इथे नाविकशी तिची गल्लत होते. नाविक ही स्वतःच्या उपग्रहांची स्वतंत्र दिशादर्शन प्रणाली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. गगन स्वतःचं स्थान सांगत नाही, जीपीएसची चूक सांगतं. देशभरातल्या पंधरा संदर्भ केंद्रांचं नेमकं ठिकाण आधीच माहीत असतं. त्यांत आपलं नागपूर आहे, शेजारचा गोवा आहे. जीपीएसने दिलेलं अंतर आणि खरं अंतर यांतली तफावत तिथे सतत मोजली जाते, बंगळूरच्या नियंत्रण केंद्रात एकत्र होते आणि जीसॅट-८, जीसॅट-१० यांसारख्या भूस्थिर उपग्रहांमार्फत पुन्हा खाली येते. देशावर पाच-पाच अंशांची एक काल्पनिक जाळी टाकलेली असते आणि तिच्या प्रत्येक गाठीसाठी आयनांबराचा उशीर कळवला जातो.

अमेरिकेत हे काम ३५० किलोमीटरवर एकच पातळ कवच कल्पून भागलं. आपल्याकडे कारंजं असल्यामुळे ते भागेना. एकाच गाठीजवळून जाणाऱ्या दोन वेगळ्या दिशांच्या संदेशांची उत्तरं जुळेनात. म्हणून इस्रोच्या शास्त्रज्ञांनी एकाहून अधिक थर धरून चालणारं वेगळं प्रतिमान तयार केलं. २१ एप्रिल २०१५ रोजी गगनला उभ्या, म्हणजे उंचीच्या, मार्गदर्शनासाठी प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा विषुववृत्तीय आकाशाखाली हे करून दाखवणारी ती जगातली पहिली यंत्रणा ठरली. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानातल्या किशनगडला गगनच्या आधारे उतरलं. १ जून २०२३ रोजी पवनहंसच्या हेलिकॉप्टरने जुहूहून पुण्याकडे गगनच्या मदतीने प्रात्यक्षिक उड्डाण केलं. घाटकोपरच्या डोक्यावरून मुंबई विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानांसाठी जमिनीवरून रेडिओ शलाका असते, त्यांचं गगनवाचून अडत नाही. अशी महागडी उपकरणं जिथे नाहीत, त्या लहान धावपट्ट्यांना गगनचा खरा उपयोग.

दुरुस्ती मिळाली की चूक शून्य, असंही मानू नये. गगन प्रत्येक गाठीसाठी दोन आकडे पाठवतं: उशीर किती, आणि त्या उत्तरात जास्तीत जास्त किती चूक असू शकेल. वैमानिकाला दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा. मर्यादा ओलांडली गेली तर काही सेकंदांच्या आत इशारा पोचलाच पाहिजे. २९ आणि ३० ऑक्टोबर २००३ च्या सौर वादळात अमेरिकेतल्या अशाच यंत्रणेने पहिल्या दिवशी सुमारे १५ आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ११ तास उभं मार्गदर्शन नाकारलं. यंत्रणा कोलमडली, असं तेव्हा अनेकांना वाटलं. खरं तर तिने आपलं काम चोख केलं होतं: जे खात्रीने सांगता येत नाही, ते सांगायचं नाही.

अलीकडे नवा दिलासा दिला जातो: दोन फ्रिक्वेन्सीवाला फोन घ्या, आयनांबराचा प्रश्न मिटला. अर्धं खरं आहे. उशीर फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे दोन फ्रिक्वेन्सींवरच्या उशिरांतल्या फरकावरून तो जवळपास पूर्ण काढून टाकता येतो. नाविकची बांधणी सुरुवातीपासून याच तत्त्वावर झाली. पण आपल्या आकाशाचा आणखी एक खेळ आहे. सूर्य मावळल्यावर थराचा खालचा भाग झपाट्याने विरळ होतो, वरचा दाट राहतो, आणि पाण्याखालचं हलकं तेल वर उसळावं तसे विरळ बुडबुडे शेकडो किलोमीटर वर चढतात. बलरेषांवर पसरत ते उत्तरेला महाराष्ट्राच्या आकाशापर्यंत येतात. त्यांतून जाणारा संदेश ताऱ्यासारखा लुकलुकतो. तो क्षीण झाला की रिसीव्हरच्या हातून सुटतो, आणि सुटलेल्या संदेशाची फ्रिक्वेन्सी एक असो की दोन, दुरुस्त करण्यासारखं काही उरतच नाही. फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे याचे मुख्य महिने. वेळ साधारण संध्याकाळी सातनंतर मध्यरात्रीपर्यंत. आणि सूर्य जोरात असलेली वर्षं सर्वांत वाईट.

हे जमीन मोजणाऱ्यांच्या कामाचं आहे. महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागात आता मोजणी रोव्हरने, म्हणजे हातात घेऊन फिरायच्या उपग्रह-रिसीव्हरने, होते. कायम चालू असलेल्या कॉर्स केंद्रांकडून दुरुस्ती घेऊन रोव्हर काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो. केंद्र जवळ असलं तर दोघांवरचं आयनांबर जवळपास सारखं असतं आणि चूक आपोआप वजा होते. अंतर वाढलं की हे गृहीतक ढिलं पडतं. शेताच्या बांधावर उभं राहून ‘फिक्स’ची, म्हणजे पक्क्या उत्तराची, वाट पाहणाऱ्या भूकरमापकाला पडद्यावर वारंवार ‘फ्लोट’, म्हणजे अजून पक्कं न झालेलं उत्तर, दिसत असेल आणि आजूबाजूला झाडं किंवा इमारती नसतील, तर यंत्राला किंवा कंपनीला दोष देण्याआधी महिना आणि घड्याळ पाहावं. मार्चमध्ये सूर्यास्तानंतर दोन तासांनी घेतलेलं माप दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पुन्हा घेतलं, तर बहुतेकदा ‘फिक्स’ काही क्षणांत लागतो.