पैसे पोचले, पण कुणाला?

चहाच्या टपरीवर गल्ल्याशेजारी चिकटवलेला क्यूआर कोड एकदा जवळून बघा. एका कोपऱ्यावर चहाचा ओघळ, मधे दुधाचे शिंतोडे, लॅमिनेशन सुटून आत शिरलेली धूळ. छापील मजकुराची अशी दशा झाली तर आपण वाचायचा नाद सोडतो. फोन मात्र तिरका धरला, उलटा धरला, तरी पापणी लवायच्या आत सगळं वाचून मोकळा होतो.

हा कोड पैशांसाठी जन्मलाच नव्हता. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीच्या मासाहिरो हारा यांनी तो बनवला तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या ‘गो’ या खेळाच्या पटावरून त्यांना कल्पना सुचली. खरी अडचण पुढेच होती. कागदावर हजार गोष्टी छापलेल्या असतात, त्यांत कोड नेमका कुठे आहे हे यंत्रानं ओळखायचं कसं? हारांच्या चमूनं मासिकं, जाहिराती, खोकी असलं जे जे छापील हाती लागलं ते तपासलं आणि काळ्या-पांढऱ्याचं कोणतं प्रमाण छपाईत सहसा येतच नाही, ते हुडकून काढलं. उत्तर निघालं १:१:३:१:१. कोडच्या तीन कोपऱ्यांतले ते चौकोन म्हणजे हेच प्रमाण. चौकोनाच्या मध्यातून कोणत्याही कोनात रेघ ओढा, काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं याच मापात येणार. चौथा कोपरा मुद्दाम मोकळा, त्यामुळे वर-खाली कुठलं तेही कळतं.

आणि चहाच्या डागाचं काय? तिथे कामाला येतं ते अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांचं १९६० सालचं गणित. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, हे शाळेत शिकलोय आपण. समजा मी तुम्हाला दोनऐवजी त्याच रेषेवरचे पाच बिंदू कळवले आणि वाटेत एक बिघडला. उरलेले चार सरळ ओळीत आणि हा एकटा बाजूला पडलेला दिसणार. कोण बिघडलाय ते कळलं, आणि तो मुळात कुठे असायला हवा होता तेही कळलं. प्रत्यक्षात सरळ रेषेऐवजी जास्त वळणाच्या रेषा वापरतात, पण युक्ती हीच. सर्वांत पक्क्या दर्जाच्या क्यूआर कोडचा जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर पुरा परत मिळतो. व्हॉयेजर-२ यानानं १९८६ साली युरेनसहून पाठवलेली चित्रं सांधली गेली ती याच गणितानं, आणि आता तेच कटिंग चहाच्या पंधरा-वीस रुपयांची राखण करतंय. मला तरी यात नवल वाटल्यावाचून राहत नाही.

पण मजकूर परत मिळवणं वेगळं आणि मजकूर खरा असणं वेगळं. त्या कोडमध्ये दडलेली ओळ अगदी साधी असते: पैसे कुणाला द्यायचे तो पत्ता, त्याचं नाव, हवी असल्यास रक्कम. सही नाही, शिक्का नाही. अशी ओळ कुणीही लिहू शकतो आणि तिचा कोड छापून आणू शकतो. २०२५ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या खजुराहोमध्ये चोरट्यांनी नेमकं तेच केलं. रात्रीतून काही दुकानांच्या कोडवर स्वतःचे कोड चिकटवले. सकाळी गिऱ्हाइकं नेहमीसारखी पैसे देत राहिली, पैसे बिनचूक पोचत राहिले, फक्त भलत्याच खात्यात. उलगडा झाला तो ‘फोनवर नाव वेगळंच दिसतंय’ हे गिऱ्हाइकाकडून कळलं तेव्हा.

नाव दिसतं तरी कुठून, यातही एक गंमत आहे. कोडमध्ये लिहिलेलं नाव कुणी काहीही लिहील. म्हणून यूपीआय ही फोनवरून पैसे देण्याघेण्याची व्यवस्था चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं अ‍ॅपवाल्यांना ३० जून २०२५ पर्यंतची मुदत देऊन सांगितलं की पैसे देण्याआधी बँकेच्या दफ्तरी असलेलंच नाव दाखवा, कोडमधलं नको. गिऱ्हाईक ते वाचतं की नाही, हा निराळा प्रश्न. सकाळी दुकान उघडल्यावर स्वतःच्याच कोडवर एक रुपया टाकून नाव पाहणारा दुकानदार मला म्हणूनच शहाणा वाटतो.

मुंबईत ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते सुरू झालेली ही यूपीआय आतून कशी चालते? तुम्ही पिन टाकता तो चौकोन अ‍ॅपचा वाटतो, पण असतो पेमेंट्स कॉर्पोरेशनचा. अ‍ॅपला तुमचा पिन दिसतही नाही. तिथून कुलूपबंद निरोप निघतो. दुकानदाराचा पत्ता कोणत्या खात्याचा, हे आधी विचारलं जातं. मग तुमच्या बँकेला सांगावा जातो की पिन तपासा आणि रक्कम वजा करा. तिचा होकार आला की दुसऱ्या बँकेला सांगावा जातो, जमा करा. पुन्हा होकार. एवढ्या साऱ्या येरझारा आणि तोवर चहा गाळूनही होत नाही. त्याहून विशेष म्हणजे या क्षणी एका बँकेकडून दुसऱ्या बँकेकडे पैसा गेलेलाच नसतो. कोण कुणाला किती देणं लागतं याची फक्त नोंद झालेली असते. अशा लाखो नोंदींची वजाबाकी करून बँका दिवसातून ठरावीक वेळा आपसांतला हिशेब रिझर्व्ह बँकेत चुकता करतात.

मग गल्ल्यावरचा तो डबा ‘पंधरा रुपये प्राप्त झाले’ असं कुणाच्या सांगण्यावरून बोलतो? त्याच्या पोटात स्वतःचं सिमकार्ड असतं. निरोप येतो तो पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून, गिऱ्हाइकाच्या फोनचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ‘पैसे गेले’ची हुबेहूब हिरवी खूण दाखवणारी बनावट अ‍ॅप्स निघाली तरी हा डबा फसत नाही, तो याच कारणानं. दुपारच्या गर्दीत हात पिठाचे असताना फोनकडे बघायची सोय नसलेल्या वडापाववाल्याला यापेक्षा चांगला राखणदार मिळणं कठीण. आणि जाता जाता: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ असं कुणी म्हणालं की तो द्यायला नव्हे, न्यायला आलाय.

आता टपरीवरून देवगडला जाऊ. तिथला एखादा बागायतदार हंगामात हापूसच्या पेट्या थेट पुण्या-मुंबईला घरपोच पाठवतो आणि त्यासाठी स्वतःची छोटी वेबसाइट चालवतो. पुण्यातल्या एखाद्या काकूंच्या फोनची आणि त्या वेबसाइटची आधी ओळखदेख नाही. मधे वायफाय, मोबाइल कंपनी आणि कुठकुठल्या तारा. वाटेवरचा कुणीही ऐकू शकतो. अशा भर चौकात, सगळे ऐकत असताना, दोन अनोळखी पक्षांनी एक गुपित ठरवायचं. अशक्य वाटतं ना? व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली ते शक्य असल्याचं दाखवून दिलं. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर इथेच करून बघता येईल.

जगजाहीर आकडे दोन: ११ आणि २. फोननं मनात ३ धरला, वेबसाइटनं ४. दोघांनीही मनातला आकडा कुणाला सांगायचा नाही. फोन २ चा तिसरा घात काढतो, ८ येतो. ११ नं भागलं तर बाकी ८. वेबसाइट २ चा चौथा घात काढते, १६. ११ नं भागून बाकी ५. आता फोन ८ हा आकडा उघड पाठवतो, वेबसाइट ५ पाठवते. फोन मिळालेल्या ५ चा तिसरा घात काढतो: १२५, बाकी ४. वेबसाइट ८ चा चौथा घात काढते: ४०९६, बाकी ४. दोघांकडे ४ आला! आणि तो तारेवरून एकदाही गेला नाही. चोरून ऐकणाऱ्याकडे ११, २, ८, ५ असं सगळं आहे, तरी गुपित थेट हाती लागत नाही. आकडे इतके लहान असले तर तो खटपट करून शोधेल, हे खरं. पण ११ च्या जागी सहाशेहून जास्त अंकी मूळ संख्या घेतली की आजचे संगणकही हात टेकतात. हल्ली वेबसाइटी याच विचाराचं आणखी आटोपशीर रूप वापरतात. काकूंना यातलं काहीच दिसत नाही, दिसतं ते फार तर पत्त्याच्या पट्टीतलं छोटं कुलूप, तेही काही ब्राउझरांतच.

या कुलपाचा अर्थ काय? इतकाच, की पट्टीत लिहिलेल्या नावाच्या वेबसाइटशी तुम्ही बोलताय आणि मधलं कुणी ऐकत नाही. त्या नावामागचा माणूस भला आहे असं ते म्हणत नाही. कुलपासाठी वेबसाइटला लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था २०१५ पासून फुकट देते आणि तपासते ते फक्त नाव तुमच्या ताब्यात आहे का एवढंच. इंग्रजीतला ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी-शेजारी लिहिले की लहान पडद्यावर ‘एम’ वाटतो. असं जुळं नाव घेऊन बसलेल्या भामट्यालाही तितकंच खरं कुलूप मिळतं. गुगलच्या एका पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ जेमतेम ११ टक्के लोकांना सांगता आला, आणि शेवटी २०२३ मध्ये गुगलच्याच क्रोम ब्राउझरनं ते चिन्हच काढून टाकलं. मला तो निर्णय पटतो. बागायतदारानं मात्र प्रमाणपत्राची मुदत सांभाळावी. ऐन अक्षय तृतीयेला ते संपलं तर गिऱ्हाइकाला आंब्याऐवजी धोक्याची सूचना दिसते.

कार्डाचं थोडक्यात सांगतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दुकानदाराला गिऱ्हाइकाचा कार्ड क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी त्या दुकानापुरता चालणारा बदली आकडा मिळतो. चोरानं तो पळवला तरी शेजारच्या दुकानात त्याला कुणी विचारत नाही.

राहिलं ते नाव, म्हणजे लौकिक. अर्थतज्ज्ञ मायकेल लूका यांनी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या हॉटेलांचे हिशेब तपासले, तेव्हा गिऱ्हाइकांच्या ऑनलाइन अभिप्रायांत एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं असं दिसलं. ते फक्त एकट्यादुकट्या मालकांच्या हॉटेलांचं; मोठ्या साखळ्यांना ताऱ्यांनी फरक पडला नाही. साखळीची पाटी आधीच ओळखीची, लहान धंद्याला मात्र ताराच पाटी होतो. म्हणून तर खोटे तारे विकत मिळतात. लंडनमध्ये २०१७ साली ऊबा बटलर या पत्रकारानं आपल्या परसातल्या शेडला हॉटेल म्हणून नोंदवलं, मित्रांकडून अभिप्राय लिहवून घेतले, आणि एकही ताट न वाढता ते ट्रिपअ‍ॅडव्हायझर या अभिप्रायांच्या वेबसाइटवर शहरात पहिलं आलं. फोटोतल्या काही पदार्थांवर तर दाढीचा फेस होता!

खोट्याचं सोडा, खऱ्या ताऱ्यांतही खाचखळगे असतात. तिघांपैकी तिघे खूश असलेला बागायतदार बरा की शंभरांपैकी ९२ खूश असलेला? फ्रेंच गणिती लाप्लास यांची जुनी रीत अशी: एक खूश आणि एक नाराज गिऱ्हाईक मनानंच जोडा आणि मग भागाकार करा. पहिल्याचे पाचांत चार, म्हणजे ८० टक्के. दुसऱ्याचे १०२ मध्ये ९३, ९१ टक्क्यांच्या वर. आठ नाराज गिऱ्हाइकं असूनही दुसरा पुढे. आंबा डागी निघाल्याची एखादी तक्रार दिसली म्हणून कासावीस होणाऱ्या व्यापाऱ्यानं हे गणित करून पाहावं. तक्रारीखाली सभ्य भाषेत उत्तर लिहिलं आणि पेटी बदलून दिली, तर ते वाचणारे पुढचे कितीतरी जण असतात.

देवगडकरांची मोठी डोकेदुखी आणखी वेगळी होती. वेबसाइट खरी, पैसे खरे, पण पेटीतला आंबा कर्नाटकातला. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन आंब्याच्या सालीवर उमटत नाही. २०२५ च्या हंगामात तिथल्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचा, काढताना फाटणारा स्टिकर लावायला घेतला. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवरून तो पडताळून बघू शकतं. भामटा स्टिकरही छापेल, अशी शंका तुम्हाला आली असेलच. पण एक क्रमांक दहा फळांवर लावला तर पडताळणीत पकडला जातो, आणि नवे क्रमांक संस्थेशिवाय कुणाला मिळत नाहीत. संस्था ते देते बागायतदाराच्या बागेत कलमं किती, हे बघून.